दरवर्षी धूर तपासता, ब्रेक कधी तपासणार? परिवहन आयुक्तांना एका मेकॅनिकचं खुलं पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : खासगी दुचाकींचे ब्रेक, टायर, दिवे आणि हँडल दरवर्षी तपासले जावेत

महोदय, सप्रेम नमस्कार.

लालबागला माझं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. आठ बाय दहाचा गाळा, १९९४ पासून. वडील गिरणीत फिटर होते. पान्यावर किती जोर द्यायचा ते त्यांच्याकडून शिकलो, बाकीचं गिऱ्हाइकांच्या गाड्यांनी शिकवलं. मी कुठल्या पक्षाचा नाही, संघटनेचा नाही. सरकारी कार्यालयाला आजवर अर्जाखेरीज काही लिहिलेलं नाही. पण मागच्या पावसाळ्यात जे झालं ते मनातून जात नाही, म्हणून हे पत्र. ते तुम्हाला लिहिलंय, पण दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकानं वाचावं अशीही इच्छा आहे, म्हणून उघड लिहिलंय.

जून महिन्यात आमच्या चाळीतला एक मुलगा गाडी घेऊन आला. घरोघरी जेवण पोचवायचं काम करतो. शंभर सीसीची बारा वर्षांची गाडी, हा तिचा तिसरा मालक. म्हणाला, "काका, ब्रेक लांब लागतोय, जरा टाईट करून द्या." मी खाली बसून बघितलं. मागच्या ब्रेकच्या रॉडवरचा नट आट्यांच्या शेवटाला पोचला होता, म्हणजे आणखी आवळायला जागाच उरली नव्हती. पुढच्या ड्रमवर एक छोटा बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो बाण खुणेपर्यंत गेला की ब्रेक शू, ज्याला आम्ही लायनर म्हणतो, संपला असं समजायचं. इथे बाण खुणेच्या पार पलीकडे गेला होता. मी सांगितलं, दोन्ही चाकांचे लायनर आजच टाक. तो म्हणाला, "काका, पगार झाला की टाकू. आत्ता फक्त टाईट करा." नटामागे एक वायसर घालून मी तो नट दीड फेरा आवळून दिला. पैसे घेतले नाहीत.

तीन आठवड्यांनी, जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात, तो हिंदमाताच्या पाण्यातून गाडी काढून दादरकडे निघाला. पाण्यातून बाहेर आल्यावर ड्रम ओला असतो. लायनर चांगला असेल तर दोन-चार वेळा ब्रेक हलका दाबत गेलं की पाणी सुकतं आणि पकड परत येते. घासून पत्र्याला आलेल्या लायनरला पकड कुठून येणार? पुढे सिग्नलला थांबलेल्या टेम्पोवर तो मागून आदळला. उजव्या मांडीत रॉड घातलाय. साडेचार महिने घरात होता. त्याची आई लोकांकडे धुणीभांडी करते.

पोलिसांनी कागद मागितले. आरसी बरोबर, इन्शुरन्स चालू, पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीचं सर्टिफिकेट, तेही चालू. पीयूसी तर त्याच महिन्यात काढलेली होती. कागदाला बोट लावायला जागा नाही, आणि गाडीला ब्रेक नाही! नोंदीत लिहिलं गेलं, 'वाहनावरील ताबा सुटला.' ताबा सुटलाच होता. पण तो त्या मुलाच्या हातून सुटला की त्याआधी आणखी कुणाच्या, हा प्रश्न मी रात्री स्वतःला विचारतो. तो नट मी आवळला होता. माझ्या वाट्याचा दोष मी घेतो आणि आता लायनर संपलेली गाडी मी गाळ्यातून बाहेर जाऊ देत नाही. पैसे नसतील तर वहीत उधार लिहितो. पण माझ्या एका गाळ्यातून मुंबईतल्या किती गाड्या जातात?

आता मुद्द्यावर येतो.

आपल्याकडच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटरसायकलींची इंजिनं चांगली आहेत, अगदी मनापासून सांगतो. ऑईल वेळेवर बदललं, एअर फिल्टर साफ ठेवला, तर ब्लॉक न उघडता लाखभर किलोमीटर झालेल्या गाड्या माझ्याकडे येतात. ही आपल्या कारखान्यांची आणि कामगारांची कमाई आहे. पण याच चांगुलपणाचा एक तोटा आहे. इंजिन बिघडलं की गाडी बंद पडते आणि मालक धावत येतो. ब्रेक, टायर, हँडलचा कोनसेट, चेन बिघडली तर गाडी बंद पडत नाही, चालतच राहते. सकाळी एका सेल्फमध्ये चालू झाली म्हणजे गाडी फिट, असं मालक धरून चालतो. आणि सरकार वर्षाला जी एकमेव गोष्ट तपासतं ती म्हणजे सायलेन्सरमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन. म्हणजे गाडीतला जो भाग सगळ्यांत धडधाकट आहे, त्याचीच तेवढी दरवर्षी तपासणी. धूर तपासू नका असं मी म्हणत नाही, या शहराला खोकला कमी नाही. पीयूसी नसेल तर कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड आहे, असू दे. पण थांबायचं ज्याच्या भरवशावर, वळायचं ज्याच्या भरवशावर, त्याच्यासाठी साधा एक कागदही नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ४१ सांगतं, खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. या पंधरा वर्षांत ब्रेकला हात लावून बघायची वेळ सरकारी माणसावर येते ती अपघात झाल्यावर, कलम १३६ खाली. तोवर उशीर झालेला असतो. रिक्षा-टॅक्सीला हे लागू नाही. त्यांना पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग आहे. कारण काय, तर त्या रोजीरोटीसाठी दिवसभर धावतात, त्यात दुसऱ्याचा जीव असतो. बरोबर आहे. मग माझ्या चाळीतला मुलगा दिवसाला दहा-बारा तास, दादर ते कुर्ला, कुर्ला ते पवई, पावसात, पाठीवर पेटी बांधून धावतो, ते काय शौक म्हणून? त्याच्या गाडीची पाटी पांढरी आहे एवढ्यावर ती घरगुती गाडी ठरते. रोज मंडईत जाऊन येणाऱ्या आजोबांच्या स्कूटरला आणि त्याच्या गाडीला एकच नियम. ही माझी पहिली तक्रार आणि सगळ्यांत मोठी.

मी दहा वर्षं एक जाडी वही ठेवलीय. गाडीचा नंबर, किलोमीटर, मालक काय सांगून आला आणि मला काय सापडलं. त्यातलं जूनमधलं एक पान उतरवून देतो, नंबर गाळून.

सव्वाशेची मोटरसायकल, सर्व्हिसिंगला आली. पुढच्या फोर्कची ऑईल सील गेलेली, तेल गळून ब्रेकच्या डिस्कवर, ब्रेकचे पॅड तेलानं माखलेले. मालकाला वाटलं पावसाचं पाणी आहे.
स्कूटर, सीट कव्हर बदलायला आली. ब्रेक लाईट लागत नाही, स्विच गंजलेला.
दीडशेची, चेन आवाज करते म्हणून. मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या चक्राचे, दात कोयत्यासारखे वाकलेले. चेन दोन बोटं लोंबत होती.
शंभरची, हॉर्न वाजत नाही म्हणून. कोनसेट बसलेला.
स्कूटर, पंक्चर. डाव्या ब्रेकची वायर पाईपात गंजून अडकलेली, सोडला तरी ब्रेक सुटत नाही.

पाच गाड्या. चौघे दुसऱ्याच कामाला आलेले. कुणालाही आपली गाडी धोक्याची आहे हे माहीत नव्हतं. यातला एकही माणूस बेफिकीर नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. ब्रेक लाईट ही तर अशी गोष्ट आहे की ती मालकाला स्वतःला कधी दिसतच नाही. ती मागच्याला दिसते, आणि मागचा सांगायला थांबत नाही.

कोनसेटबद्दल जरा जास्त लिहितो, कारण मुंबईच्या गाड्यांचं हे खास दुखणं आहे आणि त्याची कुणी दखल घेत नाही. हँडल ज्या छर्‍यांवर फिरतं ते छर्रे आणि त्यांच्या वाट्या म्हणजे कोनसेट. गाडी बहुतेक वेळ सरळ जाते, म्हणून खड्ड्याचा प्रत्येक दणका त्याच एका जागी बसतो आणि वाटीत छर्‍यांचे खळगे पडतात. मग हँडल सरळ असताना त्या खळग्यात अडकून राहतं. मालक म्हणतो गाडी खेचते, डोलते. फ्लायओव्हरवर वारा लागला, पेव्हर ब्लॉकवर चाक गेलं, की अंगावर काटा येतो. तपासायला काय लागतं? गाडी मेन स्टँडवर घ्यायची, मागून कुणीतरी दाबून पुढचं चाक उचलायचं आणि हँडल दोन बोटांनी हळू डावीकडून उजवीकडे न्यायचं. मध्यावर 'खट्' असं जाणवलं की संपला. एक मिनिटाचं काम. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. पंधरा वर्षांत हे एक मिनिट सरकारी तपासणीत एकदाही येत नाही.

टायरचंही तसंच. घासलेला टायर निदान दिसतो तरी. पण गेल्या वर्षी एक आजोबा स्कूटर घेऊन आले. नऊ हजार किलोमीटर, नक्षी नव्यासारखी. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे ३२१२ होतं, म्हणजे २०१२ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. वाकवून बघितला तर बाजूला केसासारख्या चिरा. रबर म्हातारं होतं, गाडी चालो की उभी राहो. आजोबांना हे चार आकडे माहीत नव्हते. त्यांचा मुलगा इंजिनीअर, त्यालाही माहीत नव्हते. कुणी सांगितलंच नाही तर कळणार कसं?

त्यात आपलं हे शहर. तीन बाजूंनी खारं पाणी. वरळी सीफेस, मरीन ड्राईव्ह, माहीम या बाजूच्या गाड्यांच्या वायरी आणि डिस्क ब्रेकच्या कॅलिपरच्या पिना लवकर गंजतात. चार महिने पाऊस, मिलन सबवे, अंधेरी सबवे, हिंदमाता इथे तुंबणारं पाणी. घाटावरच्या गाडीला जी गोष्ट तीन वर्षं टिकते ती इथे दीड वर्षात जाते. १ एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि सव्वाशे व त्याखालच्यांना निदान सीबीएस सक्तीचं झालं. चांगला निर्णय. सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. पण ती यंत्रणा ज्या वायरीवर चालते ती वायर चौथ्या पावसाळ्यात गंजून बसली आहे की नाही, हे कोण बघतं? विकताना सुरक्षा सक्तीची, विकल्यावर मालक आणि त्याचं नशीब.

दुसरी तक्रार पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगची. माझी स्वतःची गाडी दोन वर्षांपूर्वी पंधरा वर्षांची झाली. एक रविवार घालून मी तिचा कोनसेट बदलला, लायनर टाकले, हेडलाईटचा फोकस भिंतीवर धरून बसवला. परीक्षेला पोराला नेतात तशी धुऊन पुसून नेली. शहरातल्या एका आरटीओत, नाव लिहीत नाही, कारण एका कार्यालयाला झोडपणं हा हेतू नाही. फी भरली, पर्यावरण कर भरला. रांगेत माझ्यापुढच्या गाडीला आरसे नव्हते. गेटबाहेरच्या एका माणसानं शंभर रुपयांत दोन आरसे बसवून दिले आणि काम झाल्यावर काढून घेतले. माझा नंबर आला. साहेबांनी चेसिस नंबर बघितला, फोटो काढला, हॉर्न वाजवायला लावला. मी म्हटलं, "साहेब, ब्रेक बघता का?" ते म्हणाले, "चालवत आणलीत ना? मग लागतोच की."

त्या साहेबांवर माझा राग नाही. मागे टेम्पो, रिक्षा, ट्रकची रांग होती, डोक्यावर ऊन होतं. त्यांच्या हातात गाडी किती सेकंद येते ते मी पाहिलंय. पण मग या तपासणीला तपासणी म्हणू नका. पंधरा वर्षांनी एकदा येणारी संधी, तीसुद्धा नंबर जुळवण्यात जाते. शिवाय माझ्या हातात जो कागद आला त्यावर गाडीबद्दल एक अक्षर नाही. काय बघितलं, काय चांगलं निघालं, काय सहा महिन्यांत बदलायला हवं, काही नाही.

तिसरी तक्रार सेकंड हँड गाड्यांची. फॉर्म २९, फॉर्म ३० भरले, गाडी दुसऱ्याच्या नावावर. मालक बदलतो, गाडी तीच. विकणारा ती गाडी कशासाठी विकतोय, हे घेणाऱ्याला कधीच कळत नाही. गरीब माणूस नेमकी हीच गाडी घेतो, आणि तीच दिवसभर चालवतो.

माझी मुलगी कॉलेजात शिकते. या सगळ्यावर घरी बोलणं चाललं होतं तेव्हा तिनं मला ब्रिटनमधली पद्धत फोनवर दाखवली. तिथे मोटरसायकलला तीन वर्षं झाली की दरवर्षी तपासणी असते, एमओटी म्हणतात. नेमून दिलेल्या गॅरेजमध्येच होते, आणि जास्तीत जास्त किती पैसे घ्यायचे ते सरकारनं ठरवलंय, मोटरसायकलसाठी २९ पौंड ६५ पेन्स. ब्रेक रोलरवर किंवा दुसऱ्या यंत्रावर मोजतात, हँडल, सस्पेन्शन, टायर, चेन, दिवे बघतात. नापास झाली तर कारण लिहून देतात. आणि ते कारण लपत नाही. गाडीचा नंबर टाकला की जुन्या सगळ्या तपासण्या कुणालाही फुकट बघता येतात, तेव्हाचे किलोमीटरसुद्धा. तिथे मोटरसायकली नापास होण्याचं सगळ्यांत जास्त आढळणारं कारण काय, हे मी तिला विचारलं. दिवे आणि सिग्नल. ऐकून मी वही उघडली. माझ्याही वहीत सगळ्यांत जास्त वेळा तेच लिहिलंय. तिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं ब्रेक गंजतात. आपल्याकडे मीठ समुद्र टाकतो. दुखणं एकच, फक्त त्यांनी ते लिहून ठेवलंय आणि आपण नाही.

इथेच माझी चौथी तक्रार. आपल्याकडे कुठल्या मॉडेलची फोर्क सील लवकर जाते, कुठल्या स्कूटरची ब्रेक वायर अडकते, हे मला माहीत आहे, शेजारच्या गल्लीतल्या मेकॅनिकला माहीत आहे. सरकारकडे नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यात कलम ११०-अ आलं, सदोष गाड्या कंपनीला परत बोलावायला लावण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. पण तपासणीच होत नसेल तर दोष जमा कुठून होणार? २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात ७४,८९७ दुचाकीवरची. केंद्र सरकारचेच आकडे आहेत. कारणांच्या रकान्यात सगळ्यांत मोठा आकडा अतिवेगाचा. असेल. पोरं वेगात चालवतात, मी रोज बघतो. पण त्यात किती जणांनी वेळेवर ब्रेक दाबला होता आणि तो लागला नाही, हे शोधायला कुणी खाली वाकून तो बाण बघितला का? माझ्या चाळीतल्या मुलाच्या गाडीचा तरी कुणी बघितला नाही. पोलीस ठाण्याच्या आवारातून गाडी सुटली तेव्हा मीच चाक उघडलं.

आता मला माहीत आहे लोक काय म्हणतील, कारण गॅरेजमध्ये हा विषय काढला तेव्हा सगळ्यांनी तेच म्हटलं. "काका, आणखी एक तपासणी म्हणजे आणखी एक एजंट." "गरिबाच्या खिशाला आणखी एक भोक." ही भीती खोटी नाही. गाडी समोर न येता पीयूसी मिळते असं लोक उघड बोलतात. तसंच ब्रेकचं सर्टिफिकेट मिळू लागलं तर आजच्यापेक्षा वाईट होईल, कारण मग मेलेल्या ब्रेकवर सरकारी शिक्का असेल. आणि खड्ड्यानं मोडलेल्या कोनसेटचा दंड गाडीवाल्यानं का भरायचा, हा प्रश्नही रास्त आहे. म्हणून मी दंड मागत नाही, चलान मागत नाही. निदान पहिली काही वर्षं तरी नको. मला तपासणी हवी आहे आणि लेखी निकाल हवा आहे. माणसाला एकदा कागदावर दिसलं की 'पुढचा ब्रेक : तातडीने बदला', तर बहुतेक माणसं बदलतात. चारशे-पाचशे रुपयांत दोन्ही लायनर होतात. न बदलण्याचं कारण बहुतेक वेळा पैसा नसतो, ठाऊक नसणं असतं. आणि जिथे खरंच पैसा नसतो, तिथे काय करायचं ते त्या जेवण पोचवणाऱ्या कंपन्यांना विचारा.

पंधरा वर्षांचा नियम केंद्राचा आहे, तुम्ही एका सहीनं बदलू शकत नाही, हे मी जाणतो. म्हणून आधी तुमच्या हातात असलेल्या गोष्टी मागतो.

पंधरा वर्षांच्या नूतनीकरणाला येणारी प्रत्येक दुचाकी स्टँडवर घ्या. दोन्ही ब्रेक, हँडल, टायर, दिवे, चेन, फोर्कची गळती, एवढं बघून मालकाला एक मराठी पत्रक द्या, निरीक्षकाच्या सहीचं. गाडीमागे दहा मिनिटं लागतील. त्यासाठी निरीक्षक वाढवावे लागले तर वाढवा, त्या कामाची फी आम्ही भरतोच आहोत. आणि गेटबाहेरचे भाड्याचे आरसे बंद करा.

दरवर्षी एप्रिल-मेमध्ये, पावसाआधी, मुंबईच्या प्रत्येक वॉर्डात दुचाकी तपासणीची शिबिरं घ्या. फुकट, आणि चलान होणार नाही असं ठळक लिहून. माणसं कुठून आणायची हा प्रश्न नाही. आयटीआयची मुलं आहेत, त्यांना याहून चांगला सराव मिळणार नाही. आम्ही गल्लीतले मेकॅनिक आहोत. पीयूसी केंद्रावर गाडी वर्षातून एकदा येतेच. तिथल्या माणसाला आठ दिवसांचं प्रशिक्षण दिलं तर निदान ब्रेक लाईट आणि टायर तो बघू शकतो.

जेवण, किराणा, पार्सल पोचवणाऱ्या कंपन्यांना बोलवा. त्यांच्यासाठी धावणाऱ्या प्रत्येक दुचाकीची दर सहा महिन्यांनी तपासणी आणि तिचा खर्च कंपनीनं द्यायचा, असा नियम करा. लायनर, टायर, चेन या झिजणाऱ्या वस्तूंचा काही भागही त्यांनी उचलला पाहिजे, कारण त्या त्यांच्याच धंद्यात झिजतात. ही मागणी मी सोडणार नाही.

गाडी नावावर करताना तपासणी पत्रक जोडणं सक्तीचं करा.

जे दोष सापडतील ते मॉडेलप्रमाणे, वर्षाप्रमाणे मोजून जाहीर करा. मालकाचं नाव नको, नंबर नको, फक्त गाडी आणि दोष. सेकंड हँड घेणाऱ्याला त्याचा उपयोग होईल, केंद्राला कलम ११०-अ साठी होईल. आणि त्यातले कोनसेट, रिम, शॉकअपचे आकडे वॉर्डाप्रमाणे महापालिकेला पाठवा. कुठल्या रस्त्यानं किती रिम वाकवल्या ते त्यांनाही एकदा कळू दे. त्याच दुरुस्तीनं आलेल्या कलम १९८-अ मध्ये सदोष रस्त्याबद्दल ठेकेदाराला आणि संबंधित यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड आहे. ते कलम दुचाकीवाल्याच्या बाजूनं कधी उघडलं गेलेलं मी तरी पाहिलं नाही.

आणि केंद्राला लिहा. पाच वर्षांवरच्या प्रत्येक दुचाकीची वर्षाला एक तपासणी, मोजक्या फीत, लेखी निकालासह. रिक्षा-टॅक्सी ठरल्या वेळी दारात बोलावता येतात, तर दुचाकींसाठी मार्ग काढता येईल. मुंबईतल्या नोंदणीकृत गाड्यांत निम्म्याहून जास्त दुचाकीच आहेत. संख्या मोठी आहे म्हणून जमणार नाही असं उत्तर येईल, पण संख्या मोठी आहे म्हणूनच तर हे मागतोय.

तो मुलगा आता काठी घेऊन चालतो. परवा गॅरेजवर आला होता, गाडी विकू का विचारत होता. मी तिचे दोन्ही लायनर, पुढचा टायर आणि कोनसेट बदलून ठेवलाय, पैसे लिहिलेले नाहीत. घेणाऱ्याला द्यायला एक कागद केलाय, काय बदललं, कधी बदललं, काय अजून सहा महिने चालेल. माझ्या सहीला काही किंमत नाही, पण कागद दिलाय.

माझी वही गाळ्यात आहे. तुमचा एखादा अधिकारी पाठवा, मी पानं उतरवून देतो. पहिलं शिबीर लालबागला ठेवलंत तर मी आणि आजूबाजूचे चार-पाच मेकॅनिक स्वतःचे पाने घेऊन सकाळी आठला हजर राहू. एप्रिलला अजून वेळ आहे.

आपला नम्र,
एक दुचाकी मेकॅनिक
लालबाग, मुंबई